झाकण असलेला शंख

सात-आठ वर्षांची असताना मी एका गोगलगायीवर मीठ टाकलं होतं. कुणीतरी मोठ्या मुलाने सांगितलेलं की मीठ पडलं की ती विरघळते, आणि मला ते खरं का एवढंच बघायचं होतं, बाकी मनात काही नव्हतं. चिमूटभर मीठ. ती विरघळली नाही, पण तिचं अंग आकसलं, फेस आला, ती एकदा वळली, परत वळली, आणि मग वळायची थांबली. मागून आत्या आली. तिने बघितलं आणि ती ओरडली वगैरे नाही, फक्त म्हणाली, "अगं, किती हळू मरतेय बघ ती." मग तिने तांब्याभर पाणी ओतलं पण तोवर उशीर झालेला. चाळीस वर्षं होत आली या गोष्टीला, आत्याही आता नाही, पण ते वाक्य आहे तसंच आहे.

त्यामुळे गोगलगाय आणि मीठ ही माझ्या डोक्यात एकमेकांची कायमची वैरी. ओलसर, मऊ, सालसुद्धा नसलेला जीव, त्याला मीठ म्हणजे आग. आणि म्हणूनच काही वर्षांपूर्वी जेव्हा कळलं की काही गोगलगायी खाऱ्या सरोवरातच राहतात, समुद्राच्या दुप्पट-तिप्पट खारट पाण्यातही राहतात, तेव्हा मला ते पटकन पटेचना.

कळलं ते एका फोटोमुळे. माझी कॉलेजातली मैत्रीण ऑस्ट्रेलियात असते, ती आणि तिचा नवरा गाडीने व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेला फिरत होते, तिकडे जुन्या ज्वालामुखींचा प्रदेश आहे आणि त्यात खूप सरोवरं, काही गोडी, बरीचशी खारी. एका लहानशा सरोवरापाशी थांबून तिने फोटो पाठवला. राखाडी पाणी, वर राखाडी आभाळ, आणि पाण्याच्या कडेकडेने एक पांढराशुभ्र पट्टा, लांबपर्यंत गेलेला. मी लिहिलं, मस्त आहे गं, एवढं मीठ! तर तिचं उत्तर आलं, मीठ नाही अगं, शंख आहेत. आणि मग मूठ उघडून काढलेला दुसरा फोटो. तळहातावर दीड-दोनशे शंख, प्रत्येक साधारण सेंटीमीटरभर, काही त्याहून बारके, पांढरे, काही फिकट तपकिरी.

तो दुसरा फोटो मी बराच वेळ बघत बसले होते. कारण झूम केल्यावर दिसलं की जवळजवळ सगळ्यांचं टोक तुटलेलं. शंखाचं ते जे निमुळतं टोक असतं ना, तिथे टोकच नाही, बोथट. मला वाटलं लाटांनी आपटून आपटून तुटली असतील. पण एवढ्याशा सरोवरात कसल्या लाटा, आणि सगळ्यांची टोकं सारखीच कशी तुटतील?

तिथून वाचायला लागले आणि मग थांबताच आलं नाही.

या गोगलगायीच्या प्रजातीचं नाव कोक्सिएला. ऑस्ट्रेलियाशिवाय जगात कुठेही नाही. तिकडच्या दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या खाऱ्या सरोवरांत, पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटावरच्या तळ्यांत, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूराँग या किनारी खाजणाच्या आसपासच्या खारट पाणथळीत, कायम पाणी असणाऱ्या आणि दरवर्षी आटणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या ठिकाणी ती सापडते. टोकाचं म्हणाल तर ते लाटांनी तुटत नाही, वाढता वाढता या गोगलगायी आपल्या शंखाचा सर्वात जुना भाग, म्हणजे अगदी लहानपणी बांधलेले पहिले वेढे, गमावतात. ते गळण्याआधी आतून एक आडवी भिंत घातलेली असते त्यामुळे भोक राहत नाही. असं करणाऱ्या गोगलगायी इतरही आहेत, जमिनीवरच्यासुद्धा, पण मला हे नवीन होतं. शंख म्हणजे गोगलगायीचं पूर्ण आयुष्य एका वेटोळ्यात साठवलेलं असतं, टोकाला जन्म आणि तोंडाशी आजचा दिवस, असं मी समजत होते. इथे जन्माकडचं टोकच टाकून दिलेलं.

आता मिठाचं. मीठ टाकल्यावर जमिनीवरची गोगलगाय का मरते ते शाळेत शिकलेलं असतं आपण, ऑस्मोसिस, बाहेर जास्त खारट आणि आत कमी म्हणून अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा झगडा नेमका उलटा, तिच्या अंगात बाहेरपेक्षा जास्त क्षार म्हणून पाणी सतत आत घुसत असतं आणि ते तिला बाहेर टाकत राहावं लागतं. समुद्रातल्या गोगलगायी या भांडणातच पडत नाहीत, अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट होऊ देतात, म्हणजे आतबाहेर समान, ओढाताणच नाही. खाऱ्या सरोवरातल्या या गोगलगायीने साधारण तोच मार्ग धरलाय. पण समुद्राचं मीठ ठरलेलं असतं हो, लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, आज तेवढं आणि उद्याही तेवढंच. सरोवराचं तसं नाही. पाऊस पडला की पाणी पातळ, ऊन पडलं की घट्ट, एकाच वर्षात एकाच जागी बसून तिला पाच वेगवेगळ्या पाण्यांत राहावं लागतं. पेशी त्याच, अंग तेच, बाहेरचं जग मात्र महिन्यागणिक दुसरं. बाहेर बदलेल तसं आतही बदलू द्यायचं आणि तरी जिवंत राहायचं, हे मला प्रतिकार करण्यापेक्षा अवघड वाटतं.

खारं सरोवर होतं कसं हेही थोडं सांगायला हवं. ज्या खोलगट जागेतून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही तिथे पाणी फक्त वाफ होऊन जातं. नदी, ओढे, जमिनीखालचे झरे थोडे थोडे क्षार आणत राहतात आणि ऊन फक्त पाणी घेऊन जातं, क्षार मागेच. हजारो वर्षं असं चाललं की झालं. आपल्याला वाटतं अशी सरोवरं म्हणजे अपवाद, पण जगातल्या जमिनीवरच्या सगळ्या खाऱ्या सरोवरांचं पाणी एकत्र केलं तर ते गोड्या सरोवरांच्या पाण्याच्या जवळपास पोचतं, अर्थात त्यात सिंहाचा वाटा एकट्या कॅस्पियनचा. तरीही खारं म्हटलं की माणसाच्या लेखी ते निरुपयोगी. पिता येत नाही, शेतीला चालत नाही, बहुतेक ठिकाणी मासेही नाहीत. अ‍ॅडलेड विद्यापीठात विल्यम विल्यम्स नावाचे प्राध्यापक होते, 2002 मधे गेले, त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की ही सरोवरं मेलेली नाहीत, आणि कोक्सिएलाचाही त्यांनी नीट अभ्यास केला. एखाद्या माणसाने अख्खी कारकीर्द अशा पाण्याला द्यावी ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बरं, सरोवर आटलं की काय? इथे येतं झाकण. कोक्सिएलाच्या पायाच्या मागच्या बाजूला एक पातळ झाकण असतं, शास्त्रीय भाषेत ऑपर्क्युलम. ती अंग आत ओढून घेते आणि शेवटी हे झाकण शंखाच्या तोंडावर घट्ट बसतं. पाणी आटत चाललं की ती ओलसर चिखलात, एखाद्या दगडाखाली, किंवा मिठाच्या पापुद्र्याखाली जिथे थोडी ओल टिकते तिथे दार लावून बसते. आत जी काही दोन थेंब ओल आहे तेवढ्यावर. काही महिने अशी ती काढू शकते, पाणी परत आलं की दार उघडून चालायला लागते, आणि तळाच्या चिखलावरचं शेवाळ, कुजलेला कचरा, सूक्ष्म जिवांची साय, असं खरवडून खायला सुरुवात. मधे काही झालंच नाही जणू.

हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, मीठ टाकून मारलेल्या त्या गोगलगायीची जणू कुठेतरी भरपाई झाली असं काहीतरी. आपल्याकडे म्हण आहे, गोगलगाय अन् पोटात पाय, म्हणजे दिसायला गरीब पण आतून भलतीच. या म्हणीत थोडा संशय आहे, लबाडीचा वास आहे, पण या बाईकडे बघून मला ती म्हण वेगळीच ऐकू यायला लागली. पोटात नुसते पाय नाहीत, पोटात दार आहे.

पण पुढे वाचल्यावर तो आनंद जरा खाली बसला, आणि मला खरं सांगायचंय ते इथून सुरू होतं.

याच सरोवरांत पॅरार्टेमिया नावाची एक पारदर्शक इवली झिंगी असते, तीही फक्त ऑस्ट्रेलियातली. ती आयुष्याने छोटी, सरोवर आटलं की मरते. पण मरण्याआधी अंडी घालते आणि ती अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. पाऊस आला की त्यातली काही फुटतात, काही मुद्दाम फुटत नाहीत, पुढच्या पावसासाठी राखून ठेवल्यासारखी. म्हणजे एक बँकच, चिखलात ठेवलेली. एक पिढी पूर्ण मेली तरी खात्यात शिल्लक असते. असल्या सरोवरातल्या बऱ्याच बारक्या जिवांची हीच रीत आहे.

कोक्सिएलाची अशी बँक नाही. तिची अंडी सुक्यात टिकत नाहीत. जे काही टिकायचं ते त्या वाढलेल्या गोगलगायीनेच, आपल्या अंगावर, झाकण लावून. ती जगली तर पुढची पिढी, ती मेली तर त्या सरोवरातली गोष्ट संपली. दुष्काळ तिच्या झाकणाच्या ताकदीपेक्षा एक महिना जास्त लांबला तर मागे काहीच उरत नाही, पुन्हा पाणी भरलं तरी झिंग्या येतील, गोगलगायी नाहीत.

मागे काहीच उरत नाही असं म्हटलं पण ते बरोबर नाही. मागे शंख उरतात. ढिगाने उरतात. आणि घोळ तिथेच आहे.

शंख म्हणजे चुना, कॅल्शियम कार्बोनेट. असल्या क्षारयुक्त, बहुतेकदा अल्कधर्मी किनाऱ्यावर तो सहजासहजी विरघळत नाही. वारा त्यांना गोळा करून पट्ट्यांत रचतो, वाळूत पुरतो, परत उघडे करतो. दरवर्षी मेलेल्यांची भर पडते आणि जुने जात नाहीत, त्यामुळे शंभर वर्षांचे मेलेले आणि गेल्या महिन्यात मेलेले एकाच पट्ट्यात मिसळलेले. माझ्या मैत्रिणीच्या मुठीतल्या दीड-दोनशे शंखांत किती पिढ्या होत्या हे कोण सांगणार? जुन्या, आता पाण्यापासून दूर गेलेल्या किनाऱ्यांत आणि तळाच्या गाळात पुरलेले असे शंख अभ्यासकांना फार कामाचे असतात, एकेकाळी पाणी कुठवर होतं, किती खारट होतं, याचा अंदाज त्यावरून बांधतात. म्हणजे जुन्या काळाबद्दल हे शंख अगदी विश्वासू साक्षीदार. पण आजच्याबद्दल विचाराल तर ते फसवतात. किनाऱ्यावर उभा माणूस लाखो शंख बघतो आणि म्हणतो, केवढ्या गोगलगायी आहेत इथे! मीही तेच म्हटलं असतं. मी तर मीठ म्हटलं होतं. भरपूर शंख आहेत म्हणजे भरपूर गोगलगायी आहेत, असं गृहीत धरून पाण्यात हात घालून जिवंत किती आहेत ते बघायचं राहून जातं, आणि वर्षानुवर्षं राहून जातं.

हे वाचलं त्या रात्री मला आत्याचं घर आठवलं. ती गेल्यावर सहा-सात महिने आम्ही तिच्या घरातलं काहीच हलवलं नव्हतं. चष्मा खिडकीत, दारावर नॅपकिन, कपाटात घड्या घातलेल्या साड्या, औषधांच्या डबीत वारांचे कप्पे. मधूनमधून मी जायचे, खिडक्या उघडायचे, बसायचे, आणि खरं सांगते, त्या घरात गेलं की ती गेलीय असं वाटायचंच नाही कारण सगळं होतं. बाहेर कुठेतरी गेलीय आणि येईल. वस्तू इतक्या भक्कम असतात की माणूस नसल्याचं कळूच देत नाहीत. पण मला जास्त लागलं ते वेगळंच, की शेवटची दोन वर्षं ती होती तेव्हाही मी असंच करत होते. जायचे, सगळं जागच्या जागी दिसायचं, डबे भरलेले, देव्हारा पुसलेला, आणि मी मनात म्हणायचे, छान चाललंय. ती कशी आहे ते मी तिच्या डब्यांवरून ठरवत होते. तिला विचारत नव्हते. तिच्या गुडघ्यांबद्दल, झोपेबद्दल, ती दिवसात किती वेळ कुणाशी न बोलता बसते त्याबद्दल. हे मी आता लिहू शकतेय, तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता.

असो. नावाची एक गोष्ट सांगायची राहिली, कारण त्यात माझा एक अख्खा आठवडा गेला. इंटरनेटवर कोक्सिएला टाकलं की गोगलगाय येतच नाही, येतो तो एक जीवाणू. क्यू फिव्हर नावाचा ताप ज्याच्यामुळे येतो तो, गुरं-मेंढ्यांकडून माणसांना होणारा. पानंच्या पानं त्याचीच. मला आधी वाटलं या गोगलगायीमुळे तो रोग होतो की काय. तसा काहीही संबंध नाही. गोगलगायीला हे नाव 1894 मधे ब्रिटिश म्युझियमच्या एडगर स्मिथ यांनी दिलं, जेम्स कॉक्स या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांवरून, त्यांना शंखांचा नाद होता. जीवाणूला तेच नाव 1948 मधे मिळालं, हेराल्ड कॉक्स या अमेरिकन शास्त्रज्ञावरून. कॉक्स दोन, वेगळे. प्राण्यांची नावं आणि जीवाणूंची नावं वेगवेगळ्या नियमांखाली ठेवतात म्हणून दोन्ही नावं शाबूत राहिली. नाव आधी हिचं, पण शोधायला गेलं तर ही सापडत नाही, रोग सापडतो. किनाऱ्यावर मेलेल्यांच्या ढिगात जिवंत दिसत नाही, आणि इथे नावाच्या ढिगातही.

तिचे नातेवाईक कुठे आहेत माहितीये? दक्षिण आफ्रिकेत. तिथे टोमिकिया नावाच्या गोगलगायी आहेत, केपच्या बाजूच्या पाणथळींत, त्यातल्याही काही खाऱ्या पाण्यात राहतात. मधे अख्खा हिंदी महासागर. दोन्ही एकाच कुटुंबातल्या, आणि हे नातं गोंडवन, म्हणजे दक्षिणेकडचे खंड मिळून एकच मोठा भूभाग होता, त्या काळापर्यंत मागे नेता येतं असं अभ्यासकांनी मांडलंय. अलीकडच्या जेनेटिक अभ्यासांतून असंही पुढे आलंय की खुद्द ऑस्ट्रेलियातही आपण मोजत होतो त्यापेक्षा कोक्सिएलाच्या जाती जास्त आहेत, शंखावरून सारख्या दिसणाऱ्या पण आतून कधीच्याच वेगळ्या झालेल्या. आणि त्यातल्या काही अगदी थोड्याच भागापुरत्या. पुन्हा तेच बघा, शंख बघून आपण एक म्हणत होतो आणि होत्या अनेक. म्हणजे एखादं सरोवर संपलं तर "इतरत्र आहेत की" असं म्हणायची सोय राहत नाही, कदाचित तीच एक जात होती आणि तिथेच होती.

एका सरोवरातून दुसऱ्यात ही गोगलगाय जात असेल कशी? चालत तर शक्य नाही. डार्विनने यावर डोकं खपवलं होतं, बदकाचे पाय टाकीत लटकवून ठेवले तर नुकत्या जन्मलेल्या गोगलगायी त्यांना चिकटतात आणि ओलसर हवेत बारा ते वीस तास जगतात हे त्याने करून बघितलं होतं. तेवढ्या वेळात बदक कुठल्या कुठे जाईल. युरोपातल्या किनाऱ्यांवर शेलडक बदकांनी गिळलेल्या चिमुकल्या चिखलगोगलगायी त्यांच्या विष्ठेतून जिवंत बाहेर आलेल्या सापडल्यात, शंखावर पोटातल्या प्रवासाचे ओरखडे आणि नंतर त्यांनी स्वतःच केलेली डागडुजी! तेव्हाही कामाला आलं असणार ते झाकणच.

आणि इराकमधलं सावा सरोवर. समावा शहराजवळ वाळवंटात, कुठलीही नदी न मिळणारं, जमिनीखालून भरणारं खारट पाणी, भोवती जिप्समची नैसर्गिक भिंत. तिथे 2010 मधे अभ्यासकांनी दाखवलं की त्यातली छोटी गोगलगाय, एक्रोबिया ग्रिमी, ही मुळात कॅस्पियन-अरलकडची आहे. शेकडो किलोमीटर. मधे पाण्याची वाट नाही. पक्ष्यांशिवाय तिला कोण आणणार? मला हे वाचून अंगावर काटा आला होता, एक पक्षी, एक गोगलगाय, कदाचित थोड्या, वाळवंटावरून उडत आलेल्या आणि अगदी बरोबर पाण्यात पडलेल्या. 2022 मधे ते सरोवर आटलं. पाऊस कमी, भोवतीच्या विहिरींचा उपसा जास्त. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, असूनही आटलं. फोटोंमधे पांढरा, भेगाळलेला तळ दिसतो आणि मी त्या फोटोंत उगाच झूम करून शंख शोधत बसले होते, फोटोत दिसणार नाहीत हे माहीत असून.

ऑस्ट्रेलियात पक्ष्यांची या गोगलगायींशी दुहेरी सोयरीक आहे. आपल्या शेकाट्याचा भाऊबंद असलेला बँडेड स्टिल्ट असल्याच सरोवरांवर जगतो, हजारेक किलोमीटर आत कुठेतरी पाऊस पडला की रातोरात उठून जातो. चिखल्याच्या गोतावळ्यातला हूडेड प्लोवर पश्चिम ऑस्ट्रेलियात आतल्या खाऱ्या सरोवरांवर कोक्सिएला खातो. जो खातो तोच कधीमधी पोचवतही असेल. पण पोचवायला दुसरं सरोवर चांगलं असायला हवं ना.

आणि सरोवरांचं चाललंय काय तर, लेक कोरंगामाइट घ्या, ऑस्ट्रेलियातलं सर्वात मोठं कायम पाणी असणारं खारं सरोवर, माझ्या मैत्रिणीने फोटो काढला त्याच पट्ट्यातलं. 1950 च्या दशकात पूर येऊन भोवतीची शेतं बुडाली म्हणून 1959 च्या सुमारास त्यात येणाऱ्या वूडी यालोक नदीचं पाणी दुसरीकडे वळवलं. शेतकऱ्यांच्या बाजूने बघितलं तर चूक नव्हतं ते, माझं शेत बुडलं असतं तर मीही तेच मागितलं असतं. पण सरोवर उतरत गेलं आणि त्याचं मीठ वाढत गेलं, पुढे दुष्काळात तर फारच.

पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पट्ट्यात वेगळं. तिथली खोल मुळांची रानं तोडून गहू लावला. आधी झाडं पावसाचं पाणी पिऊन टाकायची, गव्हाची मुळं आखूड, त्यामुळे न प्यायलेलं पाणी जमिनीत मुरत गेलं आणि खालची पातळी वर आली, येताना हजारो वर्षं जमिनीत साठलेलं मीठ घेऊन. हे 1924 मधेच वुड नावाच्या एका रेल्वे इंजिनियरने लिहून ठेवलं होतं, वाफेच्या इंजिनांना लागणारं पाणी खारट व्हायला लागलं म्हणून त्याचं लक्ष गेलं. शंभर वर्षं झाली. त्यानंतरही तोड चालूच राहिली.

कुणाला वाटेल, मीठ वाढलं तर खाऱ्या गोगलगायीला बरंच की. मलाही पहिल्यांदा वाटलेलं. पण तिला मीठ हवं ते तिच्या चालीने येणारं, पावसासोबत उतरणारं, उन्हासोबत चढणारं, तिला झाकण लावायला वेळ देणारं. मर्यादा तिलाही आहे. शिवाय शेतं वाचवायला खणलेल्या खोल चरांमधून जे भूजल सरोवरांत सोडलं जातं ते कित्येक ठिकाणी नुसतं खारट नाही, आम्लधर्मी आहे. आम्लात चुना टिकत नाही. म्हणजे जिवंत गोगलगायीला शंख बांधता येत नाही आणि मेलेल्यांचे शंखही हळूहळू विरतात, साक्षीदारसुद्धा जातात.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं, फोनवर, तुकड्यातुकड्यात, बरेच दिवस. ती कंटाळली असेल असं वाटलं होतं. तर गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, ती पुन्हा त्या बाजूला गेली आणि मुद्दाम त्याच सरोवरापाशी थांबली. पाणी नव्हतं. पांढरा पट्टा होता तसाच, उलट जास्तच रुंद दिसत होता. तिने तिथूनच फोन केला, वारा इतका की अर्धं ऐकूच येत नव्हतं, म्हणाली, सांग, काय बघू? मी म्हटलं, शंखाच्या तोंडाकडे बघ. आतपर्यंत पोकळ दिसला तर सोड. तोंडावर पातळ पडदा बसलेला दिसला तर मला सांग.

ती बसली. फोन तिने स्पीकरवर ठेवून खाली ठेवला असावा कारण मला फक्त वारा आणि शंखांचा किरकिर आवाज येत होता, कुणी रेती चाळावी तसा. मधेच ती म्हणायची, नाही. नाही. हाही नाही. असं बराच वेळ. पट्ट्यावर काहीच नाही म्हणून मग ती आत, सरोवराच्या तळाकडे थोडी चालत गेली, मिठाचा पापुद्रा एका जागी उचकटला, खाली काळपट ओला चिखल होता म्हणाली, वास येतोय म्हणाली. मग एकदम गप्प झाली.

तीन होते. तिघांच्या तोंडावर झाकण. तिने फोटो काढून पाठवला पण हात हलल्यामुळे अस्पष्ट आलाय, तरी झाकण दिसतं, मधाच्या रंगाचं. ती विचारत होती, जिवंत आहेत का गं? ते मला कसं सांगता येणार. नुकती मेलेली गोगलगायसुद्धा झाकण लावलेलीच असू शकते. बाटलीतलं पाणी घालून बघू का, तिने विचारलं, आणि मी जवळजवळ ओरडलेच, नको, ते गोडं पाणी आहे. मग तिने ते तिन्ही परत त्याच ओल्या जागी ठेवले, तोंड खाली करून की वर करून असंही तिने विचारलं, तेही मला माहीत नव्हतं, आणि पापुद्र्याचा तुकडा वरून होता तसा झाकून ठेवला.